मिरजेचे बाइंडर चाचा आणि आमचे पुरात भिजलेले चांदोबा

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांपाशी, जिथे तंबोऱ्याचे भोपळे दारातच मांडून ठेवलेले असतात, तिथून आत एक बोळ जातो. त्या बोळात एका बाइंडर चाचांचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. नाव आणि नंबर कुठे लिहू नका, असं चाचांनी मला बजावून सांगितलंय. गर्दी झाली तर एकाचंही काम धड व्हायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून मी लिहीत नाही. ज्यांना खरीच गरज आहे त्यांनी तिथल्या कुठल्याही दुकानात जुन्या पुस्तकांचे बाइंडर म्हणून विचारावं, रस्ता दाखवतील.

मी त्यांच्याकडून सोळा पुस्तकं बांधून घेतली. काम कसं झालं, पैसे किती गेले, कुठे मनासारखं झालं नाही, सगळं सांगते. पण आधी ही पुस्तकं कसली ते सांगायला हवं, नाहीतर सहा हजारांवर रुपये आणि पाच महिने त्यांच्यावर का घातले हे कळायचं नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात टाइमकीपर होते. घरात चैन अशी एकच, दर महिन्याला येणारा चांदोबा. तो मद्रासमध्ये छापला जायचा आणि आमच्या पेपरवाल्याच्या सायकलवरून दारात पडायचा. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला, म्हणजे अण्णांनी स्वतः शाळेत असताना तो वाचलेला. वर्षाचे बारा अंक जमले की अण्णा ते सुतळीने बांधून बाइंडरकडे नेत आणि जाड पुठ्ठ्याचा एक ठोकळा घेऊन परत येत. त्यातले १९७९ ते १९८४ चे सहा ठोकळे आमच्याकडे उरले होते. त्याशिवाय ‘किशोर’च्या अंकांचे दोन, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची सात सुटी पुस्तकं, आणि मॉस्कोत छापलेलं एक मराठी पुस्तक, ‘देनिसच्या गोष्टी’.

चांदोबा आमच्याकडे नुसता वाचला जात नव्हता, खेळला जायचा. रात्री जेवणं झाली की अण्णा विक्रम-वेताळाची गोष्ट मोठ्याने वाचत. वरचं चित्र ठरलेलं, ते शंकर काढायचे: हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे भयाण स्मशान. मला त्या प्रेताच्या लोंबत्या केसांची इतकी भीती वाटायची, की अण्णा चित्रावर तळहात ठेवूनच वाचायला सुरुवात करत. वेताळाने प्रश्न विचारला, उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील असं राजाला बजावलं, की अण्णा थांबत. पान उलटायचं नाही. दादाने आणि मी आपापलं उत्तर समासात पेन्सिलीने लिहायचं. दादा डावीकडे, मी उजवीकडे. मग अण्णा दोन्ही उत्तरं वाचत, दहापैकी मार्क देत, आणि त्यानंतरच राजा विक्रम तोंड उघडायचा.

राजाचं उत्तर आणि आमचं उत्तर जुळलं म्हणून जास्त मार्क, असं नसायचं. एका गोष्टीत राजा चोराला सोडून देतो. का सोडलं, हा वेताळाचा प्रश्न. दादाने लिहिलंय, ‘राजा घाबरला म्हणून.’ त्याला ७. मी लिहिलंय, ‘कारण चोराला आई होती.’ मला ६, आणि शेजारी अण्णांच्या बारीक अक्षरात, ‘आई राजालाही होती. विचार कर.’ मी तेव्हा आठ वर्षांची होते. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं डोक्यात घेऊन फिरले.

मला हवे होते ते हे समास. गोष्टी तर कुठेही मिळतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, पहिल्या म्हणजे नोव्हेंबर १९७१ च्या अंकापासून, आणि हे फार मोलाचं काम आहे. मी स्वतः रात्र रात्र जागून ते वाचलेत. फास्टर फेणे नव्या छपाईत मिळतो, भाच्याला मीच घेऊन दिलाय. पण ‘आई राजालाही होती’ हे जगात एकाच प्रतीवर लिहिलेलं आहे.

आता पुराबद्दल. २००५ साली पाणी घरात शिरलं तेव्हा पुस्तकं वाचली, कारण शेजारच्या मुलांनी ती वेळेत वरच्या मजल्यावर नेली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी भिंतीवर निळ्या रंगाने खूण केली आणि त्या खुणेच्या वर दोन हात मोजून सागवानी फळी ठोकून घेतली. पुस्तकं त्या फळीवर गेली. “आता कृष्णामाईला इथवर यायचं तर आयर्विन पूल बुडवावा लागेल,” असं ते म्हणायचे. २०११ साली अण्णा गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी फळीच्याही वर वीतभर आलं. आईला आम्ही आदल्या रात्रीच विश्रामबागला मावशीकडे नेलं होतं. ज्या फळीला आम्ही सगळ्यांत सुरक्षित समजत होतो तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

त्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली. रस्त्याकडेला पुस्तकांचे चिखलाचे ढीग होते, ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. आमचे तर सोळाच नग. मी ते धुतले नाहीत, हे एक शहाणपण त्या गडबडीत कसं सुचलं देव जाणे. पंख्याखाली पसरले आणि पानांमध्ये वर्तमानपत्रं घातली. ती चूक झाली, पुढे सांगते. पंधरा दिवसांनी वाळले तसे पत्र्याच्या ट्रंकेत गेले. चार वर्षं ट्रंक उघडायचं धाडस झालं नाही. उघडली की तो वास यायचा, पुराचा, ज्याला सांगलीत दुसरं नावच नाही.

मधल्या काळात दोन ठिकाणी विचारून आले होते. एका ठिकाणी सांगितलं, तिन्ही बाजूंनी अर्धा इंच कापून टाकू, खराब कडा जातील आणि पुस्तक नवं दिसेल. म्हणजे समासच गेले! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले स्कॅन करून घ्या आणि हे टाकून द्या. दोघांनीही चांगल्या मनाने सांगितलं असेल. मी ट्रंक उचलून परत आणली.

चाचांचा पत्ता ऑफिसात कळला. मी एका कर सल्लागारांकडे काम करते. आमच्या जुन्या व्हाउचरच्या फायली आणि खातेवह्या तेच बांधतात. लाल कापडाची जी बांधणी आम्ही रोज हाताळतो ती यांची, हे मला अकरा वर्षं ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा गेले ते जून २०२३ मध्ये. दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला लोखंडी शिकंजा, त्यात कुणाचे तरी प्रबंध दाबून ठेवलेले. कोपऱ्यात कटिंगचं मशीन. जमिनीवर गोणपाट आणि त्यावर चाचा मांडी घालून, समोर सुई, मेण लावलेला दोरा, टोच्या आणि जर्मनच्या पातेल्यात खळ. मी ट्रंक उघडली. त्यांनी सगळ्यांत आधी एक ठोकळा नाकाशी नेला आणि वास घेतला. मग पाठीवर बोट फिरवलं, मग पानं, एकेक, कोपऱ्याला धरून नाही तर खालून तळहात घालून उलटली. चोराच्या गोष्टीपाशी थांबले.

“हे कुणी लिवलंय?”

मी सांगितलं. दादा, मी, अण्णा, मार्क.

“मग मशीनला न्हाई लावायचं,” एवढंच म्हणाले. समास वाचवा हे मला सांगावंच लागलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्या ट्रंकेपाशी बसून हलकं वाटलं.

पण काम लगेच घेतलं नाही. “पावसाळ्यात खळ वाळत न्हाई ताई, बुरशी धरती. दिवाळीनंतर आणा.” तोवर पुस्तकं ट्रंकेत बंद ठेवायची नाहीत, सावलीत उभी करून पानं पंख्यासारखी उघडून ठेवायची, उन्हात अजिबात नाही, असं सांगून परत पाठवलं. कुणाची पुस्तकं अशी पडून असतील तर एवढं आजच करा. उन्हाने कागद पिवळा आणि कडक होतो, मग तो दुमडला की मोडतो.

नोव्हेंबरात नेऊन दिली. दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी मिरजेला जाऊन बसायचे, त्यामुळे काम डोळ्यांनी पाहिलं.

आधी सगळं उसवलं. जुनी शिलाई कापली, प्रत्येक अंक मोकळा केला. चांदोबाचे अंक मुळात पिना मारलेले. त्या पिना चाळीस वर्षांच्या गंजाने आणि पुराने कागदातच विरघळल्यासारख्या झालेल्या. चाचा पातळ सुरीचं टोक पिनेखाली घालून तिचे पाय सरळ करत आणि मागून चिमट्याने काढत. ओढून एकही काढली नाही. पिनेच्या जागी तपकिरी भोक राहतं, तिथे कागद सगळ्यांत कमजोर. त्या घडीवर आतून जपानी कागदाची पट्टी लावली. हा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा असतो, खळ लावून बसवला की त्याच्याखालचं अक्षर वाचता येतं. तो इथे मिळत नाही, पुण्याहून मागवावा लागला, त्याचे पैसे वेगळे.

मग चिखल. कोरडा झालेला गाळ दाढीच्या मऊ ब्रशने, घडीकडून बाहेरच्या बाजूला, अंगणात बसून, तोंडाला फडकं बांधून झाडला. एका शनिवारी मीही झाडला. कृष्णेचा गाळ इतका बारीक असतो की बोटांत धरला तर पावडरच. एका ठोकळ्यातून वाटीभर निघाला.

पेन्सिल जशीच्या तशी होती. अण्णा प्रत्येक ठोकळ्याच्या पहिल्या पानावर शाईच्या पेनाने आमची नावं आणि साल घालत. तिथे आता निळे ढग आहेत, एक अक्षर लागत नाही. पण समासातलं ‘राजा घाबरला म्हणून’ काल लिहिल्यासारखं. मी चाचांना विचारलं असं कसं. ते म्हणाले, शाई पाण्यात बनती, पाण्यात जाती; शिसपेन्सिल कागदाला घासून बसलेली असती, तिला पाण्याचं काय. मुलांच्या हातात आम्ही शाई देत नव्हतो, सांडतील म्हणून. केवळ त्यामुळे आमची उत्तरं राहिली.

वर्तमानपत्रांची चूक मी मघाशी म्हटली होती ती अशी. ओल्या पानांत मी छापील कागद घातले, त्यांची शाई दाबाने काही पानांवर उमटली. १९८२ च्या एका विक्रम-वेताळात राजाच्या तलवारीखाली उलटी अक्षरं दिसतात. आरशात धरलं तर ‘विसर्ग’ हा शब्द वाचता येतो, कोयनेच्या बातमीतला असणार. चाचा म्हणाले खोडरबराने थोडं फिकं करता येईल. मी नको म्हटलं. राहू दे. पण तुमच्यावर अशी वेळ आली, येऊ नये, तर कोरा न्यूजप्रिंट घाला किंवा टिपकागद, छापलेलं काही नाही.

जे वाचलं नाही ते म्हणजे मुखपृष्ठं. गुळगुळीत कागदाला चकाकीसाठी मातीचा थर दिलेला असतो. तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला कायमचा धरतो. आमची बरीच मुखपृष्ठं अशी चिकटली होती. एकावर चाचांनी किटलीची वाफ धरून पाहिली, अर्धं सुटलं आणि उरलेल्या अर्ध्यात खालच्या पानाचा रंग निघून आला. तिथेच हात थांबवला. “हे निघणार न्हाई. ओढलं तर दोन्ही जातील. राहू द्या जोडीनं.” सतरा मुखपृष्ठं अशी जोडीने राहिली आहेत. मला वाईट वाटलं, पण करता येत नाही ते सरळ करता येत नाही म्हणून सांगणारा कारागीर मला हवा होता आणि तो मिळाला.

फास्टर फेणेची सात पुस्तकं सगळ्यांत लिबलिबीत झाली होती. पातळ कव्हर, पाठीला गोंद, पाण्याने गोंद गेला आणि पानं सुटी. चाचांनी ती पानं लावली, कडेने टाके घातले, पातळ पुठ्ठा दिला आणि मूळ कव्हर वर चिकटवलं. या पुस्तकांबद्दल मी फार हळवी आहे. काटकुळा पोरगा, सायकल, संकटात हमखास उडी आणि ते ‘ट्टॉक’. दादा आणि मी माडीवर जिभेने तो आवाज काढायची शर्यत लावायचो आणि आई खालून ओरडायची, पाल चुकचुकतेय का पोरं. बनेश फेणे फुरसुंगीचा. फुरसुंगी हे भागवतांनी मनाने रचलेलं गाव आहे असं मी धरून चालले होते. बारावीनंतर पहिल्यांदा मिरजेहून पुण्याला रेल्वेने निघाले. आळंदी स्टेशन गेलं आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात ‘फुरसुंगी’ आलं. गाडी थांबली नाही. मी खिडकीच्या गजांना गाल लावून ती पाटी दिसेनाशी होईस्तोवर बघत राहिले. समोरच्या बाईंनी विचारलं, कुणी राहतं का तुमचं तिथे? मी हो म्हटलं.

आणि रशियन पुस्तक. व्हिक्तोर द्रागून्स्कींचं ‘देनिसच्या गोष्टी’. हे आम्हाला सांगलीत पुस्तकांच्या प्रदर्शनात मिळालं, तेव्हा मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं अगदी स्वस्तात मिळत. त्यातला देनिस नवाकोरा खेळण्यातला ट्रक देऊन काडेपेटीतला एक काजवा घेतो, कारण तो जिवंत आहे आणि चमकतो. दादाने त्या गोष्टीनंतर स्वतःची भोवऱ्यांची पिशवी गल्लीतल्या मुलाला देऊन एक कासव आणलं होतं. कासव दोन दिवसांनी विहिरीकडे चालतं झालं, भोवरे काही परत आले नाहीत. दुसऱ्या एका गोष्टीत क्रेमलिन बघायला न्यायच्या आमिषाने आई देनिसला रव्याची लापशी खायला लावते आणि तो ती खिडकीतून ओततो, खाली एका माणसाच्या टोपीवर! सांगलीत बसून मला क्रेमलिन म्हणजे काय ते कळत नव्हतं. नको असलेली लापशी मात्र पुरती कळत होती.

हे पुस्तक चाचांनी हातात घेतलं आणि बराच वेळ पाठ बघत बसले. सोळा पुस्तकांत याचंच अंग शाबूत होतं. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले, पाठीला जाळीचं कापड, जाड कागद. पाणी पिऊन फुगलं आणि वाळून परत आपल्या मापात आलं. चाचांनी शिलाईला हात लावला नाही, फक्त पुठ्ठा नवा दिला आणि जुन्या पुठ्ठ्यावरचं चित्र सोलून वर बसवलं. “असं बांधलेलं असलं की बाइंडरला काम उरत न्हाई,” म्हणाले. कौतुक करताना त्यांचा आवाज खाली येतो.

आता तयार ठोकळ्यांबद्दल. चांदोबाचे सहाही अर्ध्या कापडी बांधणीत आहेत, पाठ आणि कोपरे लाल कापडाचे, मधे राखाडी कागद. अंक घडीतून शिवलेत, त्यामुळे पुस्तक टेबलावर पूर्ण सपाट उघडतं. अण्णांच्या वेळच्या बांधणीत कडेने टाके होते आणि आतल्या समासातली दादाची उत्तरं घडीत शिरायची, पुस्तक ताणून वाचावी लागायची. ती आता चाळीस वर्षांत पहिल्यांदा सबंध दिसतात. कडा कापलेल्या नाहीत, त्यामुळे बाजूने पाहिलं तर पानं खालीवर आहेत. ज्याला गुळगुळीत पुस्तक हवं त्याला हे आवडणार नाही. मला फार आवडलं.

खळीत मोरचूद घातलेला असतो, कसर लागू नये म्हणून. पांढरा गम ते जुन्या कागदाला लावत नाहीत. खळ पाण्याने सुटते, गम सुटत नाही. उद्या दुसऱ्या बाइंडरला उघडायचं झालं तर त्याला उघडता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम आहे.

नापसंतीचंही लिहिते. ‘किशोर’चे दोन ठोकळे मला तितके जमलेले वाटले नाहीत. त्यातल्या बऱ्याच अंकांच्या घड्या फाटल्यामुळे ते कडेने शिवावे लागले, त्यामुळे ठोकळा ताठ झालाय आणि दोन पानांवर पसरलेली चित्रं मध्यात गिळली गेली. जाडी कमी ठेवून दोनाऐवजी तीन ठोकळे केले असते तर बरं झालं असतं. मी तसं त्यांना सांगितलं, त्यांनी मान्य केलं. पैसे कमी करतो म्हणाले, ते मी घेतले नाहीत. फास्टर फेणेच्या एका पुस्तकाचं कव्हर पुठ्ठ्यावर चिकटवताना आतल्या बाजूला दादाने काढलेलं सायकलचं चित्र कायमचं झाकलं गेलं. ते मी आधी दाखवायला हवं होतं, तरी एकदा विचारलं असतं तर बरं, असं राहून राहून वाटतं. तेव्हा पुस्तक देताना एकेक पान उघडून, काय राखायचंय ते कागदावर लिहूनच द्या.

वेळ पाळत नाहीत. संक्रांतीला देतो म्हणाले होते, मिळालं गुढीपाडव्याला, एप्रिल २०२४ मध्ये. जानेवारीत विद्यापीठाचे प्रबंध आले, मार्चमध्ये खातेवह्या, त्या कामांना तारीख असते आणि आपल्या कामाला नसते. दुसरं कारण मला एका शनिवारी दिसलं. मी न सांगता लवकर गेले. चाचा सुई हातात धरून १९८१ चा मार्च महिना वाचत बसले होते आणि त्यांची सातवीतली नात खांद्यावरून डोकावत होती. वेताळाच्या प्रश्नापाशी त्यांनी पानावर हात ठेवला आणि तिला विचारलं, सांग बघू. मी दाराबाहेरच थांबले. तिचं उत्तर ऐकू आलं नाही. पुढे मी उशिराबद्दल एक शब्द काढला नाही.

पैसे असे. चांदोबा आणि किशोर मिळून आठ ठोकळे, प्रत्येकी ५००. फास्टर फेणे प्रत्येकी १५०. देनिस २५०. जपानी कागद ९००. एकूण ६२०० रुपये, त्यातले २००० आधी. पावती देत नाहीत, वहीत लिहून आपली सही घेतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. फोन उचलत नाहीत, जावंच लागतं. ओला वास पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही, ठोकळा उघडल्यावर पहिल्या क्षणी येतो, मग खळीचा आणि नव्या कापडाचा वास त्याच्या वर येतो. पुस्तक ज्याला नुसतं वाचायचंय त्याने एवढा खर्च करू नये. कोणाच्या हाताची खूण जपायची असेल तर मी याहून चांगला माणूस सांगू शकत नाही.

मे महिन्यात दादा पुण्याहून आला. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही १९८३ चा ठोकळा काढला. एका विक्रम-वेताळाच्या दोन्ही बाजूंना आमची उत्तरं होती पण मार्क नव्हते. डिसेंबरचा अंक, कारखान्याचा गळीत हंगाम, अण्णांची रात्रपाळी असणार, आणि नंतर राहून गेलं. दादा म्हणाला हे बिनतपासलेलंच राहिलं की. आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा मागितला, पेन्सिल मागितली. गोष्ट पहिल्यापासून वाचली, वीस मिनिटं लागली, आम्ही गप्प. मग मला साडेसात दिले आणि दादाला पाच. दादा बावन्न वर्षांचा आहे. माझ्याहून अडीच मार्क कमी का म्हणून तो झोपेपर्यंत तिच्याशी भांडत होता.